माझं चौथं गाणं

मी एक जुना अल्बम आहे. वय वर्षे सहा. मित्रांनो, तुम्ही हसाल. सहा वर्षांचं आंब्याचं झाड अजून मोहरायला शिकत असतं. पण गाण्यांच्या अल्बमला सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच. अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह हे माझं शरीर आणि त्यात आठ गाणी. माझं नाव 'रबीची पेर'. औशाच्या मंजुश्रीताईंनी माझी गाणी लिहिली, चाली लावल्या आणि गायली. मी त्यांचा दुसरा अल्बम.

पहिला होता 'आंबिलाचं बिंदगं'. येळवसेच्या दिवशी आपल्याकडे घरोघरचे लोक शेतात जेवायला जातात आणि मातीच्या बिंदग्यात आंबील नेतात, ते तुम्हाला माहीत आहेच. ऐन येळवसेच्या तोंडावर थोरला बाहेर पडला आणि ट्रॅक्टरच्या टेपवर जाऊन बसला, तो अजून उतरलेला नाही. लग्नात तोच, बारशात तोच, औसा-लातूर गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावरही तोच. एकाच देव्हाऱ्यात एका देवाला रोज ताजं फूल आणि शेजारच्याला कालचं, असं झालं तर शेजारच्याला काय वाटेल? तसं मला वाटायचं. हेवा करणं पाप आहे हे मला ठाऊक होतं. तरी करायचो.

माझा जन्म नांदेडच्या एका लहानशा स्टुडिओत झाला, श्रावणात. गणपती तोंडावर आलेले, म्हणून स्टुडिओ गणपतीच्या गाण्यांनी भरलेला. रेकॉर्डिंग करणारे प्रीतमदादा म्हणाले, "ताई, सोमवार-मंगळवार देतो. नंतर दिवाळीपर्यंत नाव काढू नका."

आता श्रावणी सोमवारी मंजुश्रीताई दिवेलागणीपर्यंत बोलत नाहीत. माहेरपासूनचं मौनाचं व्रत आहे. मग ठरलं असं, की सोमवारी नुसती पेटी-ढोलकी भरायची आणि मंगळवारी ताईंनी गायचं. सात गाणी ढोलकीवाल्या माणिकप्पांना पाठ होती. चौथ्याची चाल मात्र आडवळणाची. ताई हातांनी खुणा करू लागल्या. माणिकप्पा गोंधळले. म्हणाले, "ताई, तुम्ही माशा हाकलून राहिल्या का ठेका देऊन राहिल्या?"

सोबतीला धुरपताबाई आल्या होत्या. ताईंच्या वडिलांच्या शेतात त्यांनी जन्मभर खुरपणी केली आणि ताईंनी लहानपणी पहिलं गाणं ऐकलं ते त्यांच्याच तोंडून. चौथ्या गाण्याची चाल धुरपताबाईंच्या मायची. त्या कोपऱ्यातून उठल्या. "आरं लेकरा, तिकडं नगं जाऊ, हिकडं वळ," म्हणाल्या आणि डोळे मिटून गायला लागल्या. माणिकप्पांना नीट ऐकू यावं म्हणून प्रीतमदादांनी त्यांच्यापुढे माइक सरकवला आणि ढोलकीबरोबर त्यांचा आवाजही भरला गेला. मंगळवारी ताईंनी आठही गाणी गायली. किती सुरेख! मला वाटलं, आता थोरल्याची खैर नाही.

पण गाणी जोडताना प्रीतमदादांच्या हातून चूक झाली. चौथ्या जागी ताईंचं मंगळवारचं गाणं बसायचं, तिथे धुरपताबाईंचं सोमवारचं बसलं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ताईंचा नेम असा, की पहिली प्रत देवापुढे ठेवून, पूजा करून मगच ऐकायची. पूजेचा दिवस उगवला तोवर माझ्या पाचशे प्रती तयार होऊन गावोगाव गेल्या होत्या. इष्टलिंगाची पूजा आटोपून ताईंनी मला लावलं. चौथं गाणं आलं आणि पूजेचं ताट आवरणारा हात तिथेच थांबला.

मग काय विचारता! अहमदपूरच्या कार्यक्रमात ताईंनी माझं एक गाणं सुरू केलं, तर मागून आरोळी आली, "ते ठिवा बाजूला, बिंदगं म्हना!" ट्रॅक्टरवर कोणी मला लावलंच तर तीन गाणी बरी जायची. चौथ्याला पोरं खिदळायची. "आरं, सासूबाई गाऊन राहिल्या का काय!" की लगेच मला उपटून थोरल्याला खोचायचे. त्याच्या अंगावर असा डाग नव्हता. आठही गाणी धुतलेल्या तांदळासारखी. मी मनात जळायचो आणि देवाला म्हणायचो, देवा, एवढं चौथं गाणं माझ्यातून काढ. मग बघ मी त्याला कसा मागे टाकतो ते.

देवानं जणू ऐकलं. ताईंचे यजमान मल्लिनाथराव माझी विक्री बघायचे. एके दिवशी ते म्हणाले, "मंजू, नव्या प्रती काढायच्यात. तेवढं गाणं पुसून तुझं घालू. लोकं हसून राहिलेत."

"पुसू," ताई म्हणाल्या, "पण मावशीला इचारून. आवाज तिचा हाय."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"तरी इचारायचं."

असे आम्ही चौघे नांदेडला गेलो. मल्लिनाथराव, ताई, धुरपताबाई आणि ताईंच्या पर्समध्ये मी. मित्रांनो, दिवाळीला नवे कपडे घ्यायला निघालेल्या पोरासारखा मी खूश होतो. तासाभराचा प्रश्न. मग मीही थोरल्यासारखा गोरागोमटा.

प्रीतमदादांनी चौथं गाणं लावलं. त्या दिवशी आपण माणिकप्पांना नुसती वाट दाखवली, एवढंच धुरपताबाईंना माहीत होतं. आपला आवाज साठून राहिलाय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गाणं सुरू झालं. चिरका, मधेच दम लागलेला आवाज. त्या ताठ झाल्या. पदर सावरून त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू कोणी मोठं माणूस आत येणार होतं.

"माय हाय ही," त्या म्हणाल्या. "माझी माय. कवा गायली? तिला जाऊन चाळीस वर्सं झाली की रं."

"मावशी, तू हायस ती," ताई म्हणाल्या. "तुझाच आवाज."

"याड लागलं का तुला? मला माझा आवाज वळखना व्हय?" त्या हसल्या, मग पुन्हा कान देऊन ऐकू लागल्या. कडव्याच्या शेवटी त्या आवाजाला दम लागला, तसा त्यांनीही दम घेतला. "आसाच दम लागायचा तिला. आमी पोरी चिडवायचो. 'माय, बैल थकला,' म्हनायचो." त्यांचे डोळे भरून आले. "मंजू, तुला पुसायचं तर पूस. लोकं हासतेत म्हनून वाटंत बोलत व्हता तुमी. पन त्याच्या आधी आजून एकदा लाव."

प्रीतमदादांनी लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मल्लिनाथरावही खाली मान घालून ऐकत होते.

मित्रांनो, मी आतल्या आत घाबरलो होतो. प्रीतमदादांच्या एका बोटाखाली धुरपताबाईंची माय दुसऱ्यांदा जाणार होती आणि ते मागणं माझं होतं! रोज देवाला हात जोडून मी हे मागत होतो?

"ताई, काय करू?" प्रीतमदादांनी विचारलं.

"राहू द्या. वर फक्त मावशीचं नाव घाला, आन तिच्या मायचंबी."

"आन लोकांचं काय?" मल्लिनाथराव पुटपुटले.

"लोकांना बिंदगं हाय की," ताई म्हणाल्या.

बघा, मला वाचवतानाही तोंडी नाव थोरल्याचंच! मला झोंबलं. खोटं कशाला बोलू?

आज माझ्या प्रती थोड्याच उरल्या आहेत. पुष्कळांनी मला पुसून माझ्या पोटात थोरल्यालाच भरलं. त्याची गाणी ऐकू आली की अजून माझ्या आत काटा मोडतो. पण धुरपताबाईंच्या घरी एक प्रत आहे. नात धम्मप्रिया त्यांना ती लावून देते. पहिली तीन गाणी त्या भाकरी थापता थापता ऐकतात. चौथं लागलं की हात धुऊन बसतात.

मित्रांनो, मला डोक्यावर घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्या घरी कोणी चिरक्या आवाजात गात असेल, तर हसू नका. ते गाणं मोबाईलमध्ये भरून ठेवा. आणि माझ्यासारखा एखादा धाकटा कुठे हाती लागला, तर त्याला थोरल्याशेजारी उभं करून मापू नका. त्याला पहिल्यापासून ऐका आणि चौथ्या गाण्याला उठून जाऊ नका.