हरवला नव्हताच तो

विनायकरावांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती आणि आता दिवाळी तोंडावर आली होती. रोज सकाळी चहा झाला की ते टेबलाच्या खणातून पत्र काढत, वाचत आणि पुन्हा ठेवून देत. आता त्यांना ते पाठच झालं होतं.

"आदरणीय काका,
स्मरणिकेतला तुमचा लेख वाचला. रागावलो नाही. पण एक विचारू का? दर रविवारी मी वाचनालयात तुमच्यासमोरच बसत होतो. तुम्हीच मला पुस्तकं काढून देत होता. मग मी हरवलो कधी?

माझी मुलगी देवश्री नऊ वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणीच्या घरी ती स्मरणिका आहे. तेव्हापासून ती मला विचारते, पापा, आप फेल हो गए थे क्या? मी नाही म्हटलं तर तिला ते पटत नाही. तिला वाटतं, बाप असंच म्हणणार. छापलेल्या शब्दावर तिचा जास्त विश्वास आहे. तुम्ही तिला दोन ओळी लिहाल का? तुम्ही जे पाहिलंत तेवढंच.
तुमचा, पराग बोधनकर."

विनायकरावांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली होती आणि निवृत्तीच्या आधीपासून ते रायपूरच्या बूढापारा भागातल्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळत होते. मंडळाची स्मरणिका दरवर्षी निघे. तिच्यात 'आपली माणसं' या सदरात गावातल्या एखाद्या मराठी माणसावर लेख असे. यंदा तो त्यांनी लिहिला होता. शीर्षक होतं, 'कुठे हरवला छुटकू हकीम?'

पंचवीस वर्षांपूर्वी 'छुटकू हकीम' नावाची हिंदी मालिका घराघरांत लागायची. तिच्यातला टोपी घातलेला आठ वर्षांचा हकीम म्हणजे आपल्या रायपूरचा पराग. मोठमोठ्या माणसांसमोर कमरेवर हात ठेवून तो म्हणायचा, "जीभ दिखाइए!" आणि अख्खा देश हसायचा. पुढे मालिकेत दुसरा मुलगा आला आणि पराग घरी परतला. आता तो उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होता.

विनायकरावांनी वर्तमानपत्रांत असे लेख पुष्कळ वाचले होते. विस्मृतीत गेलेला कलावंत, मावळलेला तारा, नियतीचा खेळ. त्याच सुरात त्यांनीही लिहून टाकलं. परागला मात्र एक शब्द विचारला नाही. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पुस्तकाला विचारावं लागत नाही, उघडलं की ते आपणच बोलतं.

आणि उत्तर? उत्तर लिहायला ते रोज बसत. पहिलं वाक्य त्यांना खोटं वाटे, दुसरं पोकळ वाटे, आणि मग कागद फाटे.

त्या दिवशी मंडळाचा सचिव सचिन स्कूटर दारातच उभी करून आत आला.

"काका, खुशखबर! दिवाळी मिलनात आपण पराग भैयाचा सत्कार करून राहिलो. हकीमाची टोपी मागवली नागपूरहून. स्टेजवर तो म्हणन, जीभ दिखाइए, अन् पूर्ण हॉल जीभ बाहेर काढन! एकदम धमाल. तुमीच सांगा त्याले. तुमच्या लेखामुळंच तर तो सगळ्याइले आठवला."

विनायकराव म्हणाले, "बरं. बघतो."

सचिन गेल्यावर प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या तीस वर्षं सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. नवऱ्याच्या 'बघतो'चा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता.

"काय बघता तुमी? आठ महिन्यांपासून पत्र बघून राहिले, आता टोपी बघा!"

"मग काय करू? सचिनला नाही म्हणू?"

"ते नंतर. आधी त्या पोट्टीले काहून लिहून नाही राहिले, ते सांगा."

"शब्द नीट येत नाहीत गं."

"तुमाले सुंदर पत्र लिहायचं आहे. तिले खरं पत्र पाहिजे." प्रमोदिनीबाईंनी पदराला हात पुसले. "चपला घाला. जाऊ आपण भनपुरीले. लिहिता येत नसन तर तोंडानं सांगा."

"न सांगता कसं जायचं कोणाकडे?"

"लेख लिहिताना सांगितलं होतं का त्याले?"

विनायकरावांनी चपला घातल्या. दोघं ऑटोत बसले.

भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे परागचं दोन खोल्यांचं घर होतं. दार देवश्रीनं उघडलं. दोन वेण्या, हातात रंगाची कांडी. नाव ऐकल्यावर तिनं विनायकरावांकडे नीट पाहिलं.

"आप वही हैं जिन्होंने पापा पे लिखा था?"

"हो. मीच तो."

"तो पापा सच में फेल हुए थे क्या?"

"नाही गं बाळा. तसं नाही..."

"फिर आपने लिखा क्यों?"

सत्तर वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांच्या मुलीनं उंबऱ्यावरच थांबवलं होतं. शेवटी विनायकराव कसेबसे म्हणाले, "मी तुला लिहून सांगतो."

"कब?"

तेवढ्यात पराग बाहेर आला. उंच, थोडा सुटलेला, चेहऱ्यावर तेच जुनं हसू. "अरे काका! काकू! या ना आत. देवश्री, पाणी आण बेटा."

चिवड्याच्या वाट्या आल्या. प्रमोदिनीबाईंनी देवश्रीला तिची चित्रवही बघायच्या निमित्तानं आतल्या खोलीत नेलं. मग विनायकराव परागला म्हणाले, "उत्तर दिलं नाही मी तुला. माफ कर."

"मले वाटलं, पत्र पोचलंच नसन."

"पोचलं. रोज वाचतो." त्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यात कधी नव्हे तो प्रश्न विचारला. "पराग, तुला वाईट वाटतं का? ते सगळं सुटलं म्हणून?"

पराग हसला. "काका, हे मले पहिल्यांदाच कोणी विचारलं. बाकीचे तर थेट सांगूनच टाकतात, अरेरे, बिचारा! चार वर्षं काम केलं. लय मजा आली. मग माझा आवाज फुटला, उंची वाढली. एवढा मोठा छुटकू कोण बघन? आईनं विचारलं, दुसरीकडं बघायचं का काम? मी म्हटलं, घरी जायचं. मले शाळेत जायचं होतं, तळ्याकाठी पतंग उडवायचा होता. मले कोणी हाकललं नाही. काम संपलं, मी घरी आलो. सुताराचं दार बसवून झालं की तोही घरी जाते ना?"

"लोक त्रास देतात का अजून?"

"त्रास काहीचा नाही. परवा पासपोर्टच्या हापिसात साहेबानं टेबलाखाली वाकून जीभ काढली. मी म्हटलं, साहेब, तब्येत ठीक आहे, पाणी जास्त प्या." पराग स्वतःच मोठ्यानं हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "फक्त देवश्रीचं लागते मनाले. तिच्या शाळेत आईवडलाइले बोलावतात, आपापलं काम सांगायले. तिनं टीचरले सांगितलं, पापा गाव गए हैं. मी तर इथंच होतो."

विनायकरावांनी हातातली वाटी खाली ठेवली. सचिनचा निरोपही आता सांगायलाच हवा होता. त्यांनी तो मान खाली घालून सांगितला.

"घालीन टोपी. त्यात काय?" पराग म्हणाला. "पण देवश्री पहिल्या रांगेत बसन. लोक हसतील. घरी आल्यावर ती काय विचारन, तेवढं मले सांगा."

निघताना पराग म्हणाला, "काका, तुमी माझ्यावर लिहिलं, पण माझं काम नाही पाहिलं. उद्या मिलमध्ये येता का? साहेबाले विचारून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी उरल्यात विनायकराव डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून मिलच्या लोखंडी जिन्यावर उभे राहिले. खाली धग होती, कानठळ्या बसवणारा आवाज होता. भट्टीतून लालभडक लोखंडाचा ठोकळा निघे, फिरत्या रुळांतून दाबला जाई आणि लांबच लांब सळई होऊन सुसाट पुढे धावे. कामगार चिमटे घेऊन उभे होते. खालची जमीन काळी होती, पण तिच्यावर जागोजागी पांढऱ्या रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या आणि प्रत्येक माणूस बरोबर एकेका फुलीवर उभा होता.

"त्या फुल्या कसल्या?" विनायकरावांनी ओरडून विचारलं.

पराग त्यांच्या कानाशी आला. "शूटिंगमध्ये जमिनीवर खडूनं खूण करतात, काका. कलाकारानं चालत येऊन बरोबर तिथंच थांबायचं, नाही तर तोंडावर उजेड पडत नाही. अन् खाली बघायचं नाही. बघितलं तर सीन गेला. मी आठव्या वर्षी पावलं मोजून खुणेवर यायला शिकलो. इथं आलो तेव्हा लोक वाट्टेल तिथं उभे राहायचे. कधी सळई रुळातून निसटली की सापासारखी उसळते. कोणाचा हात भाजायचा, कोणाचा पाय. मी दोन महिने नुसतं पाहिलं, सळई निसटली की कुठवर जाते. मग जिथं ती पोचत नाही तिथं फुल्या मारल्या. मिल बंद असताना सगळ्याइकून सराव करून घेतला. खाली न बघता फुलीवर जायचं."

"आणि ऐकलं त्यांनी?"

"पहिले तर हसले. म्हणाले, हकीम साब नाटक सिखा रहे हैं!"

नरहरी नावाचा एक जुना कामगार पाणी प्यायला जिन्यापाशी आला होता. त्यानं बाही वर केली. कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता. "ये पहले का है बाबूजी. साब ने फुल्ली बनाई, उसके बाद छह साल में एक को भी नहीं लगा. हव, एक को भी नहीं!"

त्याच वेळी खाली कोणीतरी शिट्टी वाजवली. एक सळई रुळातून निसटली, हवेत लाल वेटोळं घेऊन जमिनीवर आदळली आणि तडतडत थांबली. विनायकरावांनी कठडा घट्ट धरला. पण खाली कोणीही पळालं नाही. सगळी माणसं आपापल्या फुलीवर सुखरूप उभी होती. एक जण तर तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत होता!

अरे, आणि या माणसाला मी हरवलेला म्हणालो! विनायकरावांच्या मनात आलं. लहानपणी जे शिकला त्यातलं याने काहीच टाकलं नाही. ते त्यानं इतक्या माणसांच्या हातापायांसाठी वापरलं! आणि आपण बारा वर्षं दर रविवारी याला यंत्रांची पुस्तकं काढून देत होतो, तरी हे कशासाठी वाचतोस, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही!

घरी आल्यावर त्यांनी आधी सचिनला फोन लावला.

"सचिन, टोपी परत पाठव."

"अरे काका! असं काहून? प्रोग्रॅम छापून राहिला ना!"

"थांबव छपाई. सत्कार करायचाच असेल तर मिलच्या फोरमनचा कर. आणि आधी त्याला विचार, त्याला हवा आहे का."

"फोरमनचा सत्कार? पब्लिक बोर होईन, काका. कोण येईन बघायले?"

"मी येईन. आणि माझा लेख चुकीचा होता, हे मी स्टेजवरून वाचून दाखवीन."

विनायकराव स्टेजवर! मंडळाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. "बरं," सचिन शेवटी म्हणाला, "विचारतो भैयाले."

मग विनायकराव टेबलाशी बसले. या वेळी त्यांनी कागद फाडला नाही. चुकलेला शब्द खोडला आणि पुढे लिहीत गेले.

"प्रिय देवश्री,
तू विचारलंस, मी तसं का लिहिलं. खरं सांगतो. मी तुझ्या बाबांना काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांनी दुसऱ्या माणसांवर जे लिहिलं होतं ते मी तुझ्या बाबांच्या नावावर लिहिलं. ती माझी चूक होती.

तुझे बाबा नापास झाले नाहीत. लहानपणी त्यांनी एक काम चांगलं केलं. ते संपल्यावर दुसरं शिकले, तेही चांगलं करतात. आज मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्यामुळे त्या मिलमधली माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जातात, आणि त्यांनाही तुझ्यासारख्या मुली आहेत. टीव्हीवर दिसतं तेच मोठं काम, असं मला म्हाताऱ्यालाही वाटत होतं. तू तसं मानू नकोस. एकदा त्यांच्याबरोबर मिलमध्ये जाऊन जमिनीवरच्या पांढऱ्या फुल्या बघ. त्या कशाच्या आहेत, ते त्यांनाच विचार. मग तुला वाटलं तर शाळेत सगळ्यांना सांग.

छापलेलं सगळं खरं नसतं. हे पत्रसुद्धा बाबांना विचारून पडताळून घे.
तुझा, विनायक आजोबा."

वाचकहो, असा एखादा पराग आपल्याही ओळखीत असेल. कोणी लहानपणी गायचा, कोणी बोर्डात पहिली आली होती, कोणी जिल्ह्यात पोहायचा. त्याला भेटल्यावर आपण पहिलं काय विचारतो? "ते सुटलं का रे?" आता काय करतोस, त्यात आनंद आहे का, हे विचारायचं राहूनच जातं. टाळ्या थांबल्या म्हणजे माणूस संपला, असं नसतं. कष्टानं आणि समाधानानं जगणाऱ्या माणसाची कीव करणं हा त्याचा अपमान आहे, आणि त्याहून मोठा अन्याय त्याच्या मुलांवर आहे. माणसाविषयी मत बनवण्याआधी त्याला विचारावं. एवढं साधं आहे हे, आणि एवढंच आपल्याला जमत नाही!

विनायकराव पत्र पाकिटात घालत असताना प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "एकदा वाचून तर पाहू द्या मले."

"नको. तू वाचलंस की मी वाचेन. मी वाचलं की फाडेन."

ते तसेच घरातल्या चपलांवर बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी पोस्टमन गुडघ्यावर बसून पेटी रिकामी करत होता. झोळीचं तोंड तो बांधणार, तोच विनायकराव धापा टाकत पोचले.

"कल डाल दीजिए बाबूजी, निकल तो जाएगा ही."

"नाही, भैया. आजच," विनायकराव म्हणाले आणि पाकीट त्यांनी स्वतःच्या हातानं झोळीत टाकलं.