आदल्या दिवशीची अष्टमी

सकाळपासून माझ्या डोक्याला ताप होता तो जर्मनीच्या ऑफिसचा. आमच्या कंपनीने तिथली एक कंपनी विकत घेतली. त्यांची मेल-कॅलेंडरची व्यवस्था वेगळी, आमची वेगळी, आणि दोन्हींचा मेळ घालणारा पूल बांधलेला आम्ही, बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या चारपाच डोकेफोड्यांनी. "तिकडच्यांच्या सुट्ट्या एक दिवस आधी दिसतायत," हे माझा मॅनेजर प्रवीणकुमार पुनःपुन्हा येऊन सांगत होता, जशी काही मी बहिरीच आहे.

कारण सापडलं तेव्हा मला हसूच आलं. 'पूर्ण दिवस' अशी नोंद केली की आमचा पूल ती 'मध्यरात्रीपासून' अशी पाठवत होता. इथली मध्यरात्र म्हणजे जर्मनीत आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यामुळे तिथे पोचेपर्यंत अख्खा दिवस मागे सरकायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी आठवडाभर रक्त आटवलं होतं.

तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाहून, येलहंक्याच्या घरून आईचा फोन आला.

"शिल्पा, अजिंक्य आलाय गं, न कळवता. आंघोळ करून धोतर मागतोय. आज अण्णांचं वर्षश्राद्ध म्हणतोय. तुझ्या कॅलेंडरात आजच आहे म्हणे."

माझं हसू तोंडातच राहिलं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं वर्षश्राद्ध उद्या होतं, अष्टमीला. अजिंक्य माझा धाकटा भाऊ, स्टुटगार्टला असतो. अण्णा गेले तेव्हा त्याचे व्हिसाचे कागद अडकले होते. तेव्हा निघाला असता तर परत जाता आलं नसतं. अग्नी आमच्या चुलतभावाने दिला आणि ह्याने तो फोनवर पाहिला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद होतं, वर्षश्राद्ध माझ्याच हातून व्हायला हवं. आणि मी शहाणीने, पूल नीट चालतो का बघायला म्हणून, आमच्या घरचं कॅलेंडर त्याच्या कॅलेंडरला जोडून दिलं होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात एका दिवसाचा फरक कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता. आमच्याकडे तिथी कधी आज लागते, कधी उद्या, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मागच्याच आठवड्यात अजिंक्यने विचारलं होतं, "अक्का, अष्टमी लवकर लागतेय का गं?" आणि स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणाले होते, "शास्त्री सांगतील तसं."

"आई, तू त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही. अक्का अर्धी रजा टाकून येतेय म्हटलं. संध्याकाळचं विमान आहे त्याचं. उद्या नव्या नोकरीवर हजर व्हायचंय, नाहीतर व्हिसाच जातो म्हणे." तिने आवाज खाली आणला. "उद्या आहे असं कळलं तर हा जायचा नाही. नोकरी गेली तरी राहील. सांगायचं नाही हं त्याला. मी शास्त्रींना बोलावते."

निघताना मी पुलाची दुरुस्ती चालू करून दिली. जोडलेल्या सगळ्या कॅलेंडरांतल्या नोंदी एकेक करून जागेवर येणार होत्या. त्याला संध्याकाळ होणार होती. प्रवीणकुमार काहीतरी विचारत होता. मी थांबले नाही. रस्ताभर रिक्षात स्वतःला शिव्या घालत होते.

घरी पोचले तर शास्त्री फाटकातच उभे होते आणि आई त्यांना अडवून बोलत होती.

"भागीरथीबाई, आज सप्तमी. श्राद्ध आज होणार नाही. तर्पण करता येईल."

"सरी, चालेल, तर्पण करा. पाणी त्यांनाच पोचेल ना? बाकी त्याला संस्कृत कुठं कळतंय!"

शास्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझ्याच कामाचा घोळ होता.

उद्याचा सगळा स्वयंपाक आईने आजच केला होता. खीर, वडे, आमसुलाची चटणी. अजिंक्य अण्णांचंच धोतर नेसून पाटावर बसला. शास्त्री माणूस सरळ. संकल्पात त्यांनी स्वच्छ "सप्तम्यां तिथौ" म्हटलं. मी चोरून पाटाकडे पाहिलं. अजिंक्यने मान वर केली नाही. काळे तीळ आणि पाणी अंगठ्यावरून सोडत राहिला. गच्चीत घास ठेवला तर कावळा लगेच आला. त्याला बिचाऱ्याला कुठली तिथी! आई पदराने डोळे पुसत होती आणि मला कळेना, ती अण्णांसाठी रडतेय की खोटं बोलावं लागलं म्हणून.

दुपारी टॅक्सीत बसताना अजिंक्य आईच्या पाया पडला आणि पुष्कळ वेळ तसाच वाकून राहिला. विमानतळाकडे, देवनहळ्ळीच्या रस्त्याला गाडी लागली तशी आई पायरीवर बसली. "स्वल्प पाणी दे गं," म्हणाली. "जमलं एकदाचं."

दिवेलागणीला माझा फोन वाजला. स्क्रीनवर एक सूचनाही आलेली होती. 'अण्णांचं वर्षश्राद्ध: तारीख बदलली. उद्या, पूर्ण दिवस.' जगभरच्या सुट्ट्या दुरुस्त करता करता माझा पूल घरापर्यंतही पोचला होता. आणि फोन अजिंक्यचा होता.

"अक्का, विमानात बसायला बोलावतायत. हे काय आलंय? उद्या आहे?"

आई समोर उभी राहून जोरजोरात मान हलवत होती.

"आमच्या सिस्टीमचा गोंधळ आहे रे," मी म्हणाले. "सकाळपासून तेच निस्तरतेय. आजच होतं. तू जा."

त्याच्या मागे कुठल्या तरी विमानाची घोषणा चालली होती. मला तेव्हा त्याला ओरडून खरं सांगावंसं वाटलं आणि तो परत येईल ह्याची भीतीही वाटली.

"शास्त्री सप्तमी म्हणाले, अक्का," तो म्हणाला. "तेवढं कळतं मला. आईचं तोंड बघून गप्प बसलो." घोषणा पुन्हा सुरू झाली. "जातो मी. उद्या घास ठेवशील तेव्हा माझं नाव घे. आईला काही सांगू नकोस."

मी फोन ठेवला.

"काय म्हणाला गं? कळलं का त्याला?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पोचलो की फोन करतो म्हणाला."

आईने मोठा श्वास सोडला आणि उद्यासाठी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.