दोनदा वजा झालेली पेटी

रंगराव खोटं बोलले नव्हते. नुसते गप्प बसले होते.

कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रांपाशी पडल्यापासून त्यांच्या पाठीतून टाचेपर्यंत कळा जात. दोन ऑपरेशनं वाया गेली. १९८१ साली पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी उपाय सुचवला: मणक्यात बारीक तार, बरगडीखाली चकती. बाहेरून यंत्राची कडी त्वचेवर धरली की चकतीला वीज मिळणार, कळ दबणार.

"पण एकशेवीस किलोच्या वर मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "पालथं झोपवलं की श्वास अडतो. आणि चकती चरबीत खोल गेली, तर बाहेरून तिला वीज पोचत नाही."

इस्पितळाचा काटा एकशेवीसलाच संपायचा. म्हणून चिंचवडला त्यांच्याच कारखान्यातल्या मालाच्या काट्यावर वजन झालं. उभं राहवेना, तेव्हा काट्यावरच्या दत्तोबाने त्यांना रिकाम्या पेटीवर बसवलं. पेटी ठेवूनच त्याने काटा शून्यावर आणला होता. तरी चिठ्ठी लिहिताना हात सवयीने चालला: पेटी चोवीस, वजा. उरले एकशे सतरा.

"राव, आता बोहल्यावर चढा परत!" दत्तोबा हसला.

त्याच काट्यावर रंगरावांनी आधी दहा वर्षं काढली होती. पेटी दोनदा वजा झाली, हे त्यांना तिथंच कळलं.

घरी बायकोने, सोजरबाईने, चिठ्ठी बघितली. "एकशे सतरा व्हय? मग दारातनं आडवं का व्हावं लागतंय तुमास्नी?"

"काटा काय खोटं बोलतो का?" ते खेकसले.

आता ते ऑपरेशनच्या टेबलावर पालथे होते. पोट छातीत चढलं होतं. पाठीत सुई शिरली, थांबली.

"सुई पुरत नाहीये," बाई म्हणाल्या. "रंगराव, वजन नक्की एकशे सतराच ना?"

बोललं तर चकती गेली. नाही बोललं तर... त्यांनी श्वास ओढला. तो अर्ध्यावरच अडला. दुसरा तेवढाही आला नाही. कानात शिट्टी वाजू लागली.

"पेटी... दोनदा वजा झाली."

"खरं किती?"

"एकशे... एक्केचाळीस."

सुई निघाली. चौघांनी मिळून त्यांना उताणं केलं. हवा आत आली, आणि तिच्यामागोमाग कळ.

बाईंनी चकती डबीत ठेवली. "एकवीस किलो उतरवा. सहा महिने ही राखून ठेवते. त्यापुढे दुसऱ्या पेशंटला."

रंगरावांनी चादर दातांत धरली. कळ टाचेपर्यंत पोचली होती. सहा महिन्यांतला पहिला दिवसही अजून सरला नव्हता.