पुडक्यावरचं नाव

“आर्डिथ, तुमच्या थंड खोलीत जागा आहे का गं?”

मार्लिन टोपी हातात घेऊन दारातच उभा होता. हंगामाचा पहिला दिवस. एरवी या दिवशी आमच्या दुकानापुढे शिकार लादलेल्या गाड्यांची रांग लागते आणि मांस कापता कापता माझ्या नवऱ्याला, डेल्बर्टला, मान वर करायला फुरसत नसते. आज तो करवतीला तेल देत बसला होता, सकाळपासून तिसऱ्यांदा.

“जागा?” डेल्बर्ट म्हणाला. “आत नाचगाणं ठेवता येईल एवढी जागा आहे. तुझीच कृपा.”

मार्लिन शिकार खात्याचा माणूस. हरणं किती उरली हे तो मोजतो आणि परवाने किती द्यायचे तेही तोच ठरवतो. यंदा मार्चमध्ये त्याने शून्य लिहिलं. वायोमिंगच्या या कोपऱ्यात आम्ही सगळे शिकाऱ्यांवर जगणारे. गावाने त्याच्या नावाने बोटं मोडली. डेल्बर्टने तर तेव्हापासून त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

मी मात्र बोटं मोडली नाहीत. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात बर्फावर असा कडक पापुद्रा धरला की हरणांना खुराने उकरता येईना. कुंपणाच्या तारांशी कळपच्या कळप मेले. तेव्हाच मार्लिन फक्त ऐंशी परवाने देणार होता. डेल्बर्ट परगावी गेला होता, मी मार्लिनला जेवायला बोलावलं. बायको गेल्यापासून त्याला कोणी घरी बोलावत नसे. मांस-राजम्याची चिली आणि त्याचे आवडते दालचिनीचे गोड रोल केले. दुसरा रोल वाढता वाढता मी म्हणाले, “एक वर्ष सांभाळून घे रे. दुकान बसेल आमचं.”

त्याने तीनशे लिहिले. शिकाऱ्यांनी बहुतेक माद्याच पाडल्या, आणि आमचा हंगाम झकास गेला. लाज वाटते सांगायला, पण मी तेव्हा खूश होते. त्या जेवणाचं डेल्बर्टला मात्र कधी सांगितलं नाही.

“काय ठेवायचंय?” मी विचारलं.

“मेलेली पाडसं. नऊ आहेत. फुप्फुसाचा रोग दिसतोय. प्रयोगशाळेची गाडी सोमवारी येईल, आणि माझा फ्रीझर भरलाय.”

“मग उरली किती?” डेल्बर्टच्या आवाजात आता टोमणा नव्हता.

“शंभर माद्यांमागे सहा पाडसं. परवाने आता बंद ठेवले काय नि नाही काय. आपल्या हयातीत हा कळप नाही भरत, डेल.”

डेल्बर्टने करवत खाली ठेवली. दोघांनी मिळून पाडसं आत आणली. नुसती हाडं आणि कातडी. मी पांढरा कागद फाडला, पहिलं गुंडाळलं, चिकटपट्टी लावली आणि पेन्सिल घेतली. सत्तावीस वर्षं प्रत्येक पुडक्यावर शिकाऱ्याचं नाव मीच घालते.

“नाव?” सवयीने तोंडातून गेलं.

मार्लिन माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझं टाक. आकडा माझा होता.”

त्या जेवणाबद्दल, रोलबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. तेवढं बोलला असता तर बरं झालं असतं.

मी तारीख घातली. मग नऊही पुडक्यांवर माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

डेल्बर्टने पहिलं पुडकं उचललं, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मग ते छातीशी धरून थंड खोलीचं दार त्याने पायानेच लोटलं आणि आत गेला.