सत्तावीस चिंचोके

कागदावर आमच्या गावाएवढं निर्व्यसनी गाव उभ्या जोयडा तालुक्यात नव्हतं. पंधरा ते चोवीस वयाच्या सव्वीस पोरांनी फॉर्म भरले आणि 'गेल्या महिन्यात किती दिवस दारू घेतली' या प्रश्नापुढे सव्वीसच्या सव्वीस जणांनी 'एकही नाही' वर खूण केली. प्राजक्ता मॅडम धारवाडहून आल्या होत्या, तरुण पोरांच्या दारूवर संशोधन करायला. मी गावची आशा कार्यकर्ती, म्हणून मला त्यांच्या मदतीला लावलेलं. फॉर्म चाळून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला हसू आवरेना.

"मॅडम, शाळेमागच्या बाटल्या मग माकडं रिकाम्या करतात वाटतं," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुंदराक्का, मला कुणाला पकडायचं नाही. आकडा खरा कळला तर उपाय खरा करता येईल. जिथं गरज जास्त, तिथं दर शनिवारी एक माणूस येऊन बसेल, पोरांशी बोलेल, सोडायला मदत करेल. सगळेच साधू निघाले तर तो माणूस दुसऱ्या गावाला जाईल."

मग त्यांनी चिंचोक्यांची युक्ती काढली. सगळ्यांना एकसारख्या कापडी पिशव्या द्यायच्या. एकेकानं शाळेच्या खोलीत जायचं, दार लावायचं, महिन्यात जितके दिवस प्यायला तितके चिंचोके पिशवीत टाकायचे, तोंड बांधायचं आणि पिशवी टोपलीत ठेवून यायचं. नाव नाही, अक्षर नाही.

पोरं तरी बिचकलीच. कारण पिशव्या सोडणार होते मी, आणि माझ्या तोंडाची ख्याती गावभर आहे. शेवटी आमचे गावकार महाबळेश्वर, म्हणजे गावचे प्रमुख, मला म्हणाले, "सुंदरी, तू देवीपुढं बोल. मग इस्वास बसंल."

मी बोलले. नारळ हातात धरून सगळ्या गावासमोर देवीला सांगितलं की पिशवीतलं मॅडमशिवाय कुणापुढे माझ्या ओठावर येणार नाही. गावकारांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, सगळे 'व्हय' म्हणाले. आमच्याकडे असं बोललेलं कोणी मोडत नाही. दुसऱ्याच दिवशी टोपली भरली.

शाळेच्या पडवीत बसून मी पिशव्या सोडत होते आणि आकडा सांगत होते, मॅडम लिहीत होत्या. दोन. शून्य. चार. एक. आठ. अठराव्या की एकोणिसाव्या पिशवीला हात घातला आणि माझी बोटं थबकली. सगळ्यांनी नाडीला साधी दुहेरी गाठ मारली होती. या पिशवीची गाठ वेगळी होती. दोरी वळवून परत त्याच वाटेनं आणलेली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. ती गाठ माझ्या घरात गाईच्या दाव्याला आहे, कपड्यांच्या दोरीला आहे, पाण्याच्या बादलीलासुद्धा आहे. माझा गुरुदास गणेशगुडीला राफ्टवर, म्हणजे पर्यटकांच्या रबरी होडीवर, गाईड आहे, तिथं शिकून आला. गावातून राफ्टवर जाणारा तो एकटाच.

मी पिशवी सोडली. मोजले. पुन्हा मोजले.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"सत्तावीस," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. महिन्यातले सत्तावीस दिवस! धरणातून पाणी सुटलं की गणेशगुडीची काळी नदी कशी अंगावर येते ते मी पाहिलंय, आणि त्या पाण्यात माझा पोरगा राफ्टच्या मागच्या टोकाला बसून परगावच्या आठ-आठ माणसांचा जीव सांभाळतो. मी त्याचे शर्ट हुंगले. पाण्याची बाटली हुंगली. तो जेवायला बसला की डोळे बघायचे, उठला की पाय बघायचे. भाजीत दोनदा मीठ घातलं आणि एकदा घातलंच नाही. बाळंतिणीला भेटायला म्हणून निघाले आणि तिचं घर ओलांडून पार रस्त्यापर्यंत पोचले, मग तिथूनच जीप धरून गणेशगुडीला गेले.

नदीकाठी तासभर उभी राहिले. गुरुदास राफ्टवरून ओरडत होता, हसत होता, वल्हं बरोबर पडत होतं. मला मात्र ते हसूही प्यायलेलं वाटलं.

"आये, तू हितं कशी?" त्यानं विचारलं.

"लसीचा डबा न्यायचा होता," मी म्हटलं. हातात डबा नव्हता. त्यानं माझे रिकामे हात बघितले.

मला विचारायचं होतं, रडायचं होतं, दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्या. पण देवीपुढे बोललेलं आडवं येत होतं. त्याचे वडील मडगावला कामाला. त्यांना फोन लावायची आणि हवापाणी विचारून ठेवून द्यायची. असे नऊ दिवस काढले.

दहाव्या दिवशी आमच्या खळ्यावर मळणी होती. आमच्यात मळणीला पाळीपाळीनं सगळे एकमेकांकडे जातात, त्यामुळे निम्मं गाव खळ्यावर होतं. गुरुदासनं सुट्टी घेतली होती. तो गवताचे भारे बांधत होता आणि प्रत्येक भाऱ्याला तीच गाठ मारत होता. एक भारा, दुसरा भारा, तिसरा. माझं डोकं फिरलं.

"बांध, अजून बांध!" मी ओरडले. "त्याच गाठीत सत्तावीस दिवस बांधून दिलेस ना मला? महिन्यातले सत्तावीस दिवस पितोस आणि लोकांना नदीत घालतोस? लाज न्हाई वाटत?"

खळ्यावरचे हात थांबले. गुरुदास माझ्याकडे बघतच राहिला.

"आये, माझ्या पिशवीत एक चिंचोका हुता," तो म्हणाला. "एकच. सोबतच्या पोराच्या लग्नात घेतली हुती. आन् तू वळखशील म्हणून गाठ मी साधीच मारली हुती."

"मग ती गाठ कुणाची?"

मी हे विचारायला नको होतं. तो उत्तर देणार नव्हता, त्यानं मान खाली घातली होती. पण लोकांना डोळे असतात. खळ्याच्या पलीकडच्या टोकाला शेजारचा परशू भारा बांधत होता. एकोणीस वर्षांचा, कमी बोलणारा, राफ्टवर काम मिळावं म्हणून उन्हाळाभर गुरुदासच्या मागे लागून गाठी शिकलेला. दोरी त्याच्या हातातच होती आणि गाठ अर्धी झाली होती. आधी एकानं पाहिलं, मग सगळ्यांनी. त्याची आई सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

परशूनं दोरी खाली ठेवली आणि तो रानाच्या वाटेनं चालायला लागला. कोणी हाक मारली नाही. मीसुद्धा मारली नाही.

गावकार मला एवढंच म्हणाले, "नारळाचं पाणी सुकलं न्हवतं गं अजून." त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारचा माणूस ठरल्याप्रमाणे येऊ लागला. भला माणूस होता, शाळेच्या पडवीत चटई टाकून बसायचा. एकही पोरगा त्याच्याकडे गेला नाही. बोललं की ते खळ्यावर येतं, हे मीच त्यांना शिकवून ठेवलं होतं. मला रस्त्यात बघितलं की पोरं वाट बदलायची. गुरुदास घरात बोलायचा, पण कामापुरतं. हे मी मॅडमना कळवलं नाही. धीरच झाला नाही.

मे महिन्यात मॅडम दुसऱ्या फेरीला आल्या. पुन्हा पिशव्या, पुन्हा खोली, पुन्हा टोपली. पहिली पिशवी सोडली, रिकामी. दुसरी रिकामी. दहावी रिकामी. मॅडमचा चेहरा खुलत चालला आणि मी पुढची पिशवी सोडण्याआधीच दाबून बघू लागले. सव्वीस पिशव्या, एकीतही चिंचोका नाही. आणि सव्वीस पिशव्यांना साधी दुहेरी गाठ. परशूच्या पिशवीलासुद्धा. कुठली त्याची, हे माझं मलाच ओळखता आलं नाही.

"सुंदराक्का, सहा महिन्यांत एवढी सुधारणा मी कुठंच पाहिली नाही," मॅडम म्हणाल्या. "आता इथला माणूस दुसरीकडे देता येईल."

गप्प बसले असते तर गावाचं नाव झालं असतं, माझंही झालं असतं. मी म्हटलं, "खोडा ते. सगळं खोटं आहे. आणि ते खोटं माझ्यामुळे आहे." मग गाठीपासून खळ्यापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. 

"मग खरा आकडा किती?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. तो ठाऊक करून घ्यायचा अधिकार मी घालवला होता.

तिथून उठले ती सरळ परशूच्या घरी गेले. सहा महिन्यांत त्या अंगणात पाय टाकला नव्हता. तो पायरीवर बसला होता, वाळलेला, डोळ्यांखाली सूज, हातात नायलॉनच्या दोरीचा तुकडा. मला बघून त्यानं दोरी पाठीमागे लपवली. 

"परशू, मी देवीपुढं बोलले आणि मोडलं," मी म्हटलं. "माझ्या पोराच्या भीतीनं तुला उघड्यावर आणलं. माझी चूक हाय. मॅडमना सांगून आले, आता गावकारांपुढं सांगणार हाय."

 घरात त्याची आई भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"काकी," तो म्हणाला, "त्या पिशवीत मी खरं टाकलं हुतं. वाटलं हुतं, कुणीतरी मोजंल."

"व्हय रे."

"तवा सत्तावीस हुते." त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "आता तीस हाय. जा, सांगा कुणाला सांगायचं ते."

मी गेले नाही. त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि पडवीतल्या त्या माणसाच्या शनिवारला किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजू लागले.