मास्तरांपुढे वाचलेला मसुदा

मास्तरांनी तीस वर्षं इतिहास शिकवला आणि साम्राज्यांना जन्मभर शिव्या घातल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र शिव्या घालायलाही त्यांना लेकीची मदत लागत होती. लेक परराष्ट्र खात्यात नोकरीला. मंत्र्यांची निवेदनं तीच लिहायची. रविवारी दुपारी खुर्ची ओढून ती बाबांना त्यांचे जाडजूड ग्रंथ वाचून दाखवे.

त्या रविवारी ग्रंथाच्या पानांत तिने स्वतःचा मसुदा दडवला होता. शेजारच्या देशात सैन्य उतरवायचं होतं आणि ते कशासाठी, हे सोमवारी जगाला सांगायचं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, बाबांना ग्रंथ आणि मसुदा यांतला फरक कळला तर मसुदा खात्यात द्यायचा. नाही कळला तर राजीनामा. स्वतःच्या मनाचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारी माणसं असतात, त्यातली ती.

आधी तिने शंभर वर्षांपूर्वीच्या एका गव्हर्नरचा जाहीरनामा वाचला. मग न थांबता पुढे, "आम्हाला तुमची वीतभरही जमीन नको. तुमच्याच विनंतीवरून आम्ही येत आहोत. घडी बसली की परत जाऊ."

मास्तर खो खो हसले. "काय निर्लज्ज मेले! विनंती कुणी केली? यांनीच गादीवर बसवलेल्या बाहुल्यानं! आणि हे लिहिणारा कारकून तर सगळ्यांत हरामखोर. बंदूकवाल्याला निदान स्वतःच्या जिवाची भीती असते. कोणत्या सालचं गं हे?"

"उद्याचं," ती म्हणाली. "मी लिहिलंय, बाबा."

मास्तरांचं हसू जागीच विरलं. त्यांनी नुसतं 'फाड' म्हटलं असतं, तरी तिने तो कागद फाडला असता. ती वाटच बघत होती. पण हरामखोर कारकून पोटची पोर निघाली होती, आणि परक्यांसाठी राखलेला बाणेदारपणा घरात कुणाच्या कामाला येतो?

"'घडी बसली की' नको," ते अखेर म्हणाले, वह्या तपासतानाच्या आवाजात. "उद्या कुणी विचारेल, कधी बसणार? 'योग्य वेळी' लिही. त्या गव्हर्नरच्या सरकारनंही पुढे तेच लिहिलं. साठ वर्षं राहिले, कुणाला खोटं पाडता आलं नाही."

राजीनामा तिला आठवला नाही असं नाही. तिने पेन काढलं, ओळ खोडली आणि वर नीट अक्षरात 'योग्य वेळी' लिहिलं.

"झालं?" मास्तर म्हणाले. "हं, आता पुढचं वाक्य वाच."