वास
सासूची चंची झटकली तेव्हा तानाबाईला तंबाखू, सुपारीचं खांड आणि बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी सापडली. गूळ सापडला नाही. तरी तिचा संशय फिटला नाही.

"माजी नात हाय ती," गोजाबाई म्हणाली. "तिच्या जिवावर उटन व्हय मी?"

"मग वास कुटं गेला, आत्याबाई?"

ही सोलापुरातली एकतीस सालची गोष्ट. तानाबाईच्या सात वर्षांच्या मायाक्काला फेफरं यायचं. अंगारे झाले, बाटल्या झाल्या, पोरगी आपटायची ती आपटायचीच. मग डॉक्टर सिद्धप्पांनी परदेशी मासिकात वाचून नवाच प्रयोग काढला. भाकरी बंद, भात बंद, गुळाचा कणसुद्धा नाही. नुसतं लोणी, तूप, साय, अंडी. शरीर तुपावर चालायला लागलं की फेफरं हटतं, असं त्यांचं म्हणणं. तसं झालं की तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि लघवीत औषध टाकलं की जांभळा रंग चढतो. घरी म्हैस होती, लोण्याला तोटा नव्हता. वास आला, रंग चढला, फेफरं थांबलं. रोज सकाळी लेकीच्या तोंडाला नाक लावलं की तानाबाईच्या जिवात जीव यायचा.

डॉक्टर खूश झाले, पण असल्या अडाणी माणसांवर विश्वास कसला ठेवायचा? ती पोरीला काहीबाही चारणारच. म्हणून त्यांनी फर्मावलं, "दूध घालत फिरता तेवढा वेळ पोरीला माझ्या ओसरीवर बसवत जा. नजरेखाली राहील."

आणि तरीही वास गेला. रंग चढेना. फेफरं परत आलं.

"तुमच्या घरात चोर आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "शोधा. नाहीतर आपलं जुनंच औषध सुरू करू."

जुन्या औषधानं मायाक्का दिवसभर लाळ गाळत बसायची, आईलासुद्धा ओळखायची नाही. ते दिवस तानाबाईला परत नको होते.

घरात चोर म्हणजे सासू, दुसरं कोण? नवरा गिरणीतून आला की आडवा व्हायचा. सासू मात्र नातीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. तानाबाईनं गुळाची ढेप शेजारणीकडे ठेवली. पोर सासूकडे देण्याआधी ती सासूचे हात हुंगू लागली. लेकीला रोज विचारायची, "घरात कुणी काय दिलं?" मायाक्का म्हणायची, "न्हाय." तीच पढवत असणार, म्हातारी!

शेवटी गोजाबाईनं चंचीतल्या पुडीतला भंडारा उचलला आणि बिरोबाची शपथ घेतली. धनगराच्या घरात त्यापुढं बोलायचं नसतं. तानाबाई बोलली.

"द्येवालाबी फसवताय व्हय, आत्याबाई?"

गोजाबाईनं पुडी बांधली, काठी घेतली आणि थोरल्या लेकाकडे जवळच्या कुंभारी गावी निघून गेली. जाताना नातीला हातसुद्धा लावला नाही. तानाबाईनं मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

चार दिवस गेले. वास नाही. डॉक्टरांनी लघवीची नळी उजेडात धरली. रंग नाही.

"लबाड आहात तुम्ही सगळे!" ते कडाडले. "उद्यापासून जुनं औषध."

"सासू घरात न्हाय वो डागदर सायेब! आता कोन दील?" तानाबाईला रडूच फुटलं.

तेवढ्यात आतून डॉक्टरांची आई हेमावती दोन तांबे आणि गुळाचे खडे घेऊन आली. "किती आवाज करतोस रे! उन्हातून आलीत बिचारी. घे तंगी," तिनं तानाबाईला कानडीत धाकटी बहीण म्हणून हाक मारली, "आधी गूळ-पाणी घे."

तानाबाईचा हात पुढं झालाच नाही. मायाक्कानं मात्र न बघता हात पसरला. रोजची सवय होती.

"अव्वा," डॉक्टरांनी विचारलं, "हिला रोज देतेस?"

"मग? लेकराला दारात कोरडं बसवायचं?"

"घरात कुनी न्हाय दिलं," मायाक्का म्हणाली. "म्या सांगितलं हुतं की."

डॉक्टर नळी धुवायला आत गेले आणि पुष्कळ वेळ धूतच राहिले.

तानाबाई घरी गेली नाही. लेकीला कडेवर घेऊन ती तशीच कुंभारीच्या वाटेला लागली. दिवस कलताना ती थोरल्या दिराच्या अंगणात पोचली. गोजाबाई वाकळ शिवत बसली होती.

"आत्याबाई, चुकले मी," तानाबाई म्हणाली आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवायला वाकली.

गोजाबाईनं सुई बाजूला खोचली. पोरीला घेतलं नाही. दोन्ही तळवे उघडून तिनं सुनेच्या नाकापुढं धरले.

"आदी हुंग," ती म्हणाली. "मग दे."